शाखेचा सन्मान की अहवालाचा?

पुरस्कार हा एक निवाडा असतो, ही गोष्ट पुरस्कार देणारे बहुधा विसरतात, आणि घेणारे तर आनंदाच्या भरात ती विसरतातच. न्यायासनावर बसणाऱ्यास आपला निकाल कोणत्या कायद्यान्वये, कोणत्या पुराव्यावर व कोणत्या अधिकाराने दिला हे कारणांसह लिहून द्यावे लागते. त्यावर वरिष्ठ न्यायालयात दाद मागता येते. वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावरून ज्या ढाली, करंडक व मानपत्रे वाटली जातात त्यांना मात्र कारणे जोडलेली नसतात. टाळ्यांचा गजर झाला की निवाडा कायम झाला. यास्तव निवाड्याचे नियम पाहणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे अशांनी कधीतरी या निकालपत्रांकडेही चिकित्सक दृष्टीने पाहावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रश्न वरवर पाहता लहान आहे. वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी, ग्रंथप्रकाशन, जाहिरात व जनसंपर्क या व्यवसायांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने आपल्या गावोगावच्या शाखांपैकी उत्कृष्ट शाखांचा गौरव करावा काय? आणि करावयाचा तर कोणत्या कसोटीवर? आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. गौरव अवश्य करावा. किंबहुना व्यक्तींच्या गौरवाआधी शाखांचा करावा. परंतु सर्वसाधारणपणे ज्या रीतीने उत्कृष्ट शाखा निवडल्या जातात ती रीत सदोष आहे. तीत शाखेचा सन्मान होत नाही, शाखेने पाठविलेल्या अहवालाचा होतो. हा दोष परदेशातील संघटनांचाच आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. आपल्या मंडळांच्या स्त्रीशाखांनाही तो लागू आहे, हे पुढे दिसेल.

अशा संघटना मुळात का निघाल्या, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या शाखांची योग्यता ठरविता येणार नाही. १९०९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील सात विद्यार्थिनींनी 'थीटा सिग्मा फाय' या नावाचे वृत्तविद्येच्या विद्यार्थिनींचे एक मंडळ काढले. त्याच वर्षी इंडियाना राज्यातील डीपॉ विद्यापीठात 'सिग्मा डेल्टा काय' ही वृत्तव्यावसायिकांची संघटना जन्मास आली; तिचे दार स्त्रियांसाठी उघडले ते १९६९ साली, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी. राजधानीतील नॅशनल प्रेस क्लबची कथा तर याहून बोलकी आहे. देशोदेशीचे मुत्सद्दी तेथे दुपारच्या भोजनास येऊन भाषणे करीत, आणि त्या भाषणांतून बातम्या निघत. १९५५ साली स्त्री-वार्ताहरांना तेथील सज्जात जाऊन ती भाषणे ऐकण्याची मुभा मिळाली. खाली पुरुष जेवीत आणि प्रश्न विचारीत. वर स्त्रिया वह्या घेऊन दाटीवाटीने ताटकळत. प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सभासदत्व मिळाले ते १९७१ साली. ज्या व्यवसायाचे भांडवलच प्रश्न विचारणे हे आहे त्यात प्रश्न विचारण्याचीच बंदी, यापेक्षा मोठा अडसर कोणता असावयाचा?

सातजणींचे ते मंडळ पुढे विद्यापीठांतून व नगरांतून पसरले. विद्यार्थिनींच्या शाखा वेगळ्या व नोकरीपेशातील स्त्रियांच्या शाखा वेगळ्या, अशी त्याची रचना झाली. १९७२ साली त्याचे नाव 'विमेन इन कम्युनिकेशन्स' असे झाले आणि १९९६ साली 'असोसिएशन फॉर विमेन इन कम्युनिकेशन्स' या नावाने त्याची पुनर्रचना झाली. या संघटनेच्या मुखपत्राचे नाव 'द मेट्रिक्स' असे होते, आणि कित्येक नगरांतील शाखा 'मेट्रिक्स टेबल' या नावाने वार्षिक भोजनसमारंभ करीत. मुद्रणाच्या धंद्यात मेट्रिक्स म्हणजे ज्यात शिसे ओतून टाइप पाडतात तो साचा. आपले मुद्रक त्यास मातृका म्हणतात, आणि मौज अशी की मूळ लॅटिन शब्दही 'माता' या अर्थाच्या शब्दापासूनच निघालेला आहे. सातजणींनी काढलेल्या संस्थेच्या मुखपत्राचे नाव मातृका असावे, हा योगायोग सप्तमातृकांपुढे हात जोडणाऱ्या आमच्या वाचकांस विशेष वाटेल. आमचा मुद्दा मात्र निराळा आहे. मातृका छापील पानावर कोठेच दिसत नाही. दिसतात ती अक्षरे. शाखा ही अशी मातृका आहे. तिच्यातून घडून बाहेर पडलेल्या लेखिका, संपादिका व निवेदिका जगाला दिसतात. ती स्वतः दिसत नाही.

येथेच पहिला आक्षेप उभा राहतो. "गुण व्यक्तीत असतो, समूहात नसतो. लेख एकटीच लिहिते, बातमी एकटीच आणते. मग शाखेला कसला मान द्यावयाचा?" असे विचारणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक संघटनांचे वर्तनही याच समजुतीने चालते. वर सांगितलेल्या अमेरिकन संघटनेने १९३९ पासून नामवंत स्त्रियांना 'हेडलायनर' हा राष्ट्रीय सन्मान दिला. आपल्याकडे १९८२ पासून उल्लेखनीय स्त्री-पत्रकारांना चमेली देवी जैन पुरस्कार देण्यात येतो. हे सन्मान योग्यच आहेत. परंतु व्यक्ती घडते कशी? 'न्यूजवीक' साप्ताहिकातील सेहेचाळीस स्त्रियांनी १९७० च्या मार्चमध्ये एकत्र येऊन समान संधी आयोगाकडे तक्रार गुदरली. लेखन पुरुषांनी करावे व संशोधन-टिपणे स्त्रियांनी काढावीत, अशी तेथील वाटणी होती. त्यांपैकी कोणी एकटीने ही तक्रार केली असती तर तिची गणना कुरकुऱ्या बाईत झाली असती. सेहेचाळीसजणी मिळून आल्या तेव्हा मालकाला वाटाघाटीस बसावे लागले. लेखणी एकटीची असते हे खरे, पण ती ज्या मेजावर टेकावयाची ते मेज मिळविण्याचे काम एकटीच्याने होत नाही.

आणि समूहाचा सन्मान करता येत नाही, हे म्हणणे तर अनुभवाने खोटे ठरलेले आहे. उत्तर प्रदेशातील चित्रकूट भागात २००२ साली 'खबर लहरिया' हे बुंदेली बोलीतील पत्र निघाले. ते चालविणाऱ्या स्त्रिया खेड्यांतल्या, बहुतेक दलित वा अन्य उपेक्षित समाजांतल्या. कित्येकींचे शिक्षण अर्धवट राहिलेले. २००४ सालचा चमेली देवी जैन पुरस्कार त्यांच्या समूहाला देण्यात आला. कोणा एकीला निवडून तिच्या गळ्यात हार घातला असता तर तो हार त्या कामाला न्याय देणारा झाला नसता, हे निवड करणाऱ्यांनी ओळखले. जे बुंदेलखंडातील खेडुत स्त्रियांच्या बाबतीत साधले ते संघटनांच्या शाखांच्या बाबतीत का साधू नये?

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. "पुरस्कार म्हणजे मिरवणे. खरे काम करणाराला मानाची हाव नसते; तेव्हा सगळ्याच ढाली बंद करा." हा आक्षेप ऐकावयास उदात्त वाटतो, व्यवहारात मात्र त्याचा लाभ नेहमी बड्यांनाच होतो. ज्यांची नावे अगोदरच गाजलेली आहेत त्यांना पुरस्काराची गरज नसते, हे कबूल. परंतु लहान गावातील शाखेचे काम नोंदले गेले नाही तर ते झालेच नाही असे ठरते. कायद्यात पूर्वदाखल्याला जे महत्त्व आहे तेच येथे नोंदीला आहे. एका नगरात चार स्त्रियांनी काही नवे करून दाखविले आणि त्याची कारणांसह जाहीर नोंद झाली, म्हणजे दुसऱ्या नगरातील चौघींना तो आधार होतो. पिट्सबर्गचे उदाहरण घ्या. तेथील एका दैनिकात नोकऱ्यांच्या जाहिराती 'पुरुषांसाठी' आणि 'स्त्रियांसाठी' अशा निरनिराळ्या रकान्यांत छापल्या जात. 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' या संघटनेने १९६९ साली नगराच्या मानवी-संबंध आयोगापुढे त्याविरुद्ध तक्रार केली. प्रकरण चढत चढत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल झाला की असे रकाने बंद करण्याचा हुकूम मुद्रणस्वातंत्र्याच्या आड येत नाही. प्रारंभी तो एका गावच्या एका दैनिकाच्या काही रकान्यांपुरता वाद होता; पण त्याच्या निकालाने सगळ्या देशाला वाट दाखविली. असे स्थानिक काम नजरेआड होऊ न देणे हाच शाखांच्या गौरवाचा खरा हेतू होय. समारंभ हा त्याचा आनुषंगिक भाग आहे.

एवंच गौरव करावा की नाही, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. वाद आहे तो कसोटीचा. उत्कृष्ट शाखा ठरविण्याची सर्वत्र रूढ असलेली रीत अशी: मध्यवर्ती संस्था एक छापील पत्रक पाठविते, शाखेने त्यात सभासदांची संख्या, वर्षातील वाढ, सभांची संख्या, वर्गणीचा भरणा, पाहुण्यांची नावे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे भरून ठरावीक तारखेच्या आत परत धाडावयाची, मध्यवर्ती संस्थेचे पदाधिकारी अथवा त्यांनी नेमलेले परीक्षक गुण देतात, ज्या शाखेची बेरीज अधिक तिला ढाल. या रीतीत तीन दोष आहेत, आणि तिसरा सर्वांत घातक आहे.

पहिला दोष संख्येचा. शेकडो छापखाने, वृत्तपत्रे व जाहिरातसंस्था असलेल्या महानगरात दोनशे सभासद जमविणे आणि ज्या गावात एकच साप्ताहिक निघते तेथे सात जमविणे, यांत अधिक कठीण कोणते? ज्याने कधी गावात संस्था चालविली आहे तो याचे उत्तर चटकन देईल. खळाळत्या ओढ्यात घागर भरणे आणि आटलेल्या झऱ्यातून वाटीवाटीने भरणे, यांत श्रमाचे माप निराळे आहे. घागर मात्र एकच दिसते. संख्येची कसोटी लावणारी संघटना शाखेचा पराक्रम न मोजता तिच्या गावाची लोकसंख्या मोजते.

दुसरा दोष पुराव्याचा. कोर्टात वादीने दाखल केलेली कैफियत म्हणजे पुरावा नव्हे. ते त्याचे म्हणणे असते, आणि ते त्याला साक्षीदारांनी शाबीत करावे लागते. येथे मात्र शाखेने स्वतःविषयी जे लिहिले तोच पुरावा व तोच युक्तिवाद. कोणत्याही संघटनेत हे अयोग्यच. पण ज्या संघटनेच्या सभासदांचा धंदाच शब्दांना झिलई देण्याचा, वृत्त आकर्षक करण्याचा व लोकमत वळविण्याचा आहे, तिच्यात ते हास्यास्पद होते. तेथे आलेला अहवाल हा कामाचा पुरावा नसून अहवाललेखनाचा नमुना असतो. जिची कार्यवाह जाहिरातसंस्थेत वरच्या जागेवर आहे ती शाखा चहापानालाही 'विचारमंथन' म्हणेल. आणि जिच्या पाच सभासद दिवसभर वार्ताहरकी करून रात्री मुद्रिते तपासतात ती शाखा एखादीला थकलेला पगार मिळवून देऊनही अहवालात एवढेच लिहील की 'सदस्यांना साह्य केले'. शब्दांचे सामर्थ्य जाणणाऱ्या स्त्रियांनी तरी शब्दांना फसू नये, अशी अपेक्षा करणे गैर आहे काय?

तिसरा दोष न्यायाधीशाचा. आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे आद्य तत्त्व आहे. शाखा आणि मध्यवर्ती संस्था यांचे हितसंबंध नेहमीच एक नसतात. मध्यवर्ती संस्थेला वर्गणी वेळेवर हवी असते, ठरावांना हात वर झालेले हवे असतात आणि वर्षभर तिची तक्रार न करणारी शाखा हवी असते. म्हणून केंद्राच्या हातात ढाल दिली की आज्ञाधारकपणा हाच गुण ठरण्याचा धोका निर्माण होतो. ही आमची कल्पना नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात याची दोन उत्तम उदाहरणे आहेत. ती पुरुषांच्या संघटनांची आहेत. पण त्यांत प्रश्न व्यवसायातील स्त्रियांचाच होता, आणि शाखा व केंद्र यांच्या संबंधावर त्यांनी जो प्रकाश टाकला आहे तो स्त्रियांच्या संघटनांनीही डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे.

पहिले उदाहरण जेसीज या तरुण पुरुषांच्या संघटनेचे. १९८१ साली तिच्या सुमारे ७,४०० स्थानिक शाखा व २,९५,००० सभासद होते. स्त्रियांना तेथे केवळ 'सहयोगी' म्हणून घेत. त्यांना मताचा अधिकार नसे, पद नसे, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की काही पुरस्कार-योजनांतही भाग घेता येत नसे. मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिसच्या शाखेने १९७४ साली आणि सेंट पॉलच्या शाखेने १९७५ साली स्त्रियांना पूर्ण सभासद करून घेतले. मध्यवर्ती संस्थेने या दोन्ही शाखांना शिक्षा केल्या. राष्ट्रीय अधिवेशनात मते मोजताना त्यांचे सभासद हिशेबात धरावयाचे नाहीत. त्यांच्या सभासदांना राज्य वा राष्ट्रीय पातळीवरील पद नाही. आणि पुरस्कारांसाठी ते अपात्र! पुढे १९७८ च्या अखेरीस त्यांची मान्यता रद्द करण्याचा ठराव येणार असल्याची सूचना त्यांना मिळाली. शाखा मानवी हक्कांच्या कायद्याच्या आश्रयास गेल्या, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की स्त्रियांना पूर्ण सभासदत्व देण्यास भाग पाडणारा राज्याचा कायदा संघटनास्वातंत्र्याचा भंग करीत नाही. त्याच वर्षी त्या संघटनेने देशभर स्त्रियांना प्रवेश दिला. म्हणजे ज्या दोन शाखांना केंद्राने पुरस्काराच्या यादीतून वगळले होते त्यांच्याच मार्गाने अखेर सगळ्या संघटनेला जावे लागले.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील ड्वार्टे या लहान नगराच्या रोटरी क्लबाचे. सभासद घटत घटत क्लब मरणपंथास लागला होता. १९७७ साली त्याने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. १९७८ साली रोटरी इंटरनॅशनलने त्याची सनद काढून घेतली. त्या काळचा जागतिक पसारा पाहा: १९८२ च्या आकड्यांप्रमाणे १५७ देशांत १९,७८८ क्लब व सुमारे नऊ लक्ष सभासद. इतक्या मोठ्या पसाऱ्यापुढे हा मूठभर माणसांचा क्लब कोर्टात उभा राहिला. पहिल्या कोर्टात हरला, अपिलात जिंकला, आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयातही जिंकला. १९८९ साली रोटरीने जगभर आपला नियम बदलला.

आता आमचा प्रश्न असा. १९७८ साली एखाद्या परीक्षकाने रोटरीच्या 'उत्कृष्ट शाखे'चे पत्रक ड्वार्टे क्लबपुढे ठेवले असते तर त्याला किती गुण मिळाले असते? सभासदसंख्या: शून्याजवळ. वाढ: तीन, आणि त्याही नियमबाह्य. केंद्राशी सहकार्य: काहीच नाही. बेरीज करून त्याला शेवटच्या पंक्तीस बसविले असते. तथापि त्या दशकातील उत्कृष्ट शाखा कोणती, असे आज विचारले तर दुसरे नाव घेता येईल काय? जी कसोटी अशा शाखेला नापास करते ती कसोटीच खोटी, असे म्हणण्यास यापेक्षा अधिक आधार आम्हांस नको.

केवळ दोष दाखवून थांबणे हे वकिलाला सोपे असते. काय मागावयाचे ते स्पष्ट मागितल्यावाचून दावा पुरा होत नाही. म्हणून आमच्या मते योग्य कसोट्या कोणत्या, त्या सांगतो.

शाखेतील सर्वांत दुबळ्या सभासदेचे त्या वर्षात काय झाले, हा पहिला प्रश्न असावा. जी नुकतीच नोकरीस लागली आहे, जिला मजकुरागणिक मोबदला मिळतो आणि तोही महिने थकतो, जी रात्रपाळीवरून एकटी घरी परतते, जी बाळंतपणानंतर पुन्हा कामावर येऊ पाहते आहे, तिला शाखेचा हात मिळाला काय? नामवंत संपादिका शाखेच्या भोजनास आल्या होत्या, ही गोष्ट शाखेच्या योग्यतेविषयी काहीच सांगत नाही. त्या कोठेही गेल्या असत्या तरी त्यांचे स्वागतच झाले असते.

दुसरी गोष्ट साक्षीची. शाखेच्या अहवालासोबत ज्यांना तिचा उपयोग झाला त्यांचे म्हणणे घ्यावे, आणि शाखेबाहेरील एकदोन माहितगारांचेही घ्यावे. परीक्षकांनी शक्य तर तेथे जाऊन पाहावे. शाखेने हाती घेतलेले कोणते काम फसले व का फसले, हेही विचारावे. जिच्या अहवालात एकही अपयश नाही तिने एकतर काही केले नसेल किंवा सगळे सांगितले नसेल.

तिसरी गोष्ट वारशाची. दहा वर्षे एकाच बाईच्या खांद्यावर चाललेली शाखा कितीही तेजस्वी दिसली तरी ती शाखा नव्हे; ती एका व्यक्तीची सावली आहे. पदे हातोहात फिरली काय, नव्या मुलींना कारभार शिकविला काय, हे पाहिले पाहिजे. मातृका एकच अक्षर पाडून मोडत असेल तर तिला मातृका कोण म्हणेल?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट न्यायाधीशांची. मध्यवर्ती पदाधिकाऱ्यांनी परीक्षक होऊ नये. निर्णयाची कारणे लिहून प्रसिद्ध करावीत. आणि नियमांत स्पष्ट शब्दांत असावे की केंद्राशी मतभेद झाला, एवढ्यावरून कोणतीही शाखा अपात्र ठरणार नाही.

यावर कोणी म्हणेल, "हे सगळे खर्चाचे व कटकटीचे आहे. स्वयंसेवेवर चालणाऱ्या संघटनांना एवढी चौकशी कशी झेपेल?" आमचे उत्तर सरळ आहे: झेपत नसेल तर ढाली कमी द्याव्यात. दरवर्षी डझनभर द्यावयाच्या ऐवजी तीन वर्षांतून एकदा एकच द्यावी, पण नीट चौकशी करून द्यावी. न्यायाला वेळ नाही म्हणून निकाल मात्र पटापट लावावेत, हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

आता घरचे. १९०९ हे साल आपल्यालाही परके नाही. सिअ‍ॅटलच्या सातजणींनी आपले मंडळ काढले त्याच वर्षी रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास सेवासदन सुरू झाले. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच्या अध्यक्षस्थानी वडोदऱ्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या, ही गोष्ट आमच्या वडोदऱ्याच्या वाचकांस अभिमानाची वाटावी. त्या अधिवेशनापूर्वी ठिकठिकाणी स्थानिक परिषदा भरल्या होत्या, आणि त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधी पुण्यास आल्या. म्हणजे तेथे आधी गावे जागी झाली, मग केंद्र उभे राहिले. पत्रकार स्त्रियांपुरते बोलावयाचे तर १९८७ साली राजस्थानातील देवराळा येथे सतीचे प्रकरण घडले तेव्हा मुंबईच्या पत्रकार-संघातील 'स्त्रिया व माध्यमे' समितीने आपल्यातील स्त्रियांना तेथे पाठवून शोध घेतला आणि अहवाल प्रसिद्ध केला. हे एका नगरातील एका समितीचे काम! पुढे २००२ साली देशातील पत्रकार स्त्रियांचे जे जाळे निघाले ते पदांच्या उतरंडीशिवाय, गावोगावच्या गटांवरच उभारण्यात आले. स्थानिक गट हाच देह आहे, हे या स्त्रियांनी जाणले होते.

आणि आपली मंडळे? गोव्यात, बेळगावात, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथे मराठी बोलणाऱ्यांच्या संस्था पिढ्यान्पिढ्या चालल्या आहेत, आणि त्यांच्या स्त्रीशाखांना ढाली देण्याची हौसही मोठी आहे. पण निकष काय? हळदीकुंकवास किती बायका आल्या, मंगळागौरीच्या खेळांना पाहुणे कोण आले, आणि छायाचित्रे कोणत्या पत्रात छापून आली. स्मरणिकेचा मजकूर गोळा करून त्याची मुद्रिते तपासणारी, मंडळाची वार्ता वर्षानुवर्षे विनामोबदला वृत्तपत्रांस लिहून धाडणारी, परभाषेच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना रविवारी मराठी वा कोंकणी वाचावयास शिकविणारी बाई त्या छायाचित्रात नसते. देवळातील उत्सवाच्या वृत्तान्तात पालखीपुढे कोण चालले ते सविस्तर येते; पहाटे उठून फुले ओवणाऱ्या आणि शेकडो पानांचा नैवेद्य रांधणाऱ्या हातांची नावे त्यात येत नाहीत. देवाला ती ठाऊक असतात, हे समाधान भक्तीपुरते ठीक आहे. संस्थेच्या कार्यकारिणीने त्या समाधानामागे लपू नये. कारण तिच्याजवळ नोंदवही असते आणि नोंद ठेवणे हे तिचे कर्तव्य असते.

तेव्हा येत्या वर्षी ज्या कोणास एखाद्या स्त्रीशाखेला, मग ती व्यावसायिकांची असो वा मंडळाची, मानाची ढाल द्यावयाची असेल त्याने दोन गोष्टी कराव्यात. आलेला सुबक अहवाल काही वेळ बाजूस ठेवून त्या शाखेतील सर्वांत नव्या व सर्वांत कमी बोलणाऱ्या सभासदेस जाऊन भेटावे, आणि शाखेमुळे तिचे काय झाले ते तिच्या तोंडून ऐकावे. मग निर्णय करावा व त्याची कारणे चार ओळींत का होईना, सही करून सर्वांसमोर ठेवावीत. ज्यास ही कारणे लिहिता येणार नाहीत त्याने ढालही देऊ नये.